पाच किलो कणकी

शनिवारी टीव्हीवर कॉमेडीचा शो लागते ना, त्याच्या शेवटी नावं पळतात. त्याच्यात चौथं नाव माह्या लहान्या भावाचं राहे. पवन पुनाराम गजभिये. बापाचं नाव मधात टाकाले म्याच लावलं. दोन सेकंदात नाव निंगून जाते, म्हणून मी आंधीपासूनच मोबाईल धरून बसो अन् फोटो काढो. असे एक्काहत्तर फोटो हायेत माह्यापाशी. लालबर्रा घ्या, बैहर घ्या, अख्खा बालाघाट जिल्हा घ्या. ज्याच्या भावाचं नाव मुंबईच्या टीव्हीवर एक्काहत्तर डाव आलं, असा दुसरा माणूस दाखवा. नाई दाखवता येत.

मी प्रेमलाल. आठवी शिकलो. लालबर्र्याच्या एका राईस मिलमधी हमालाचा मुकद्दम हाय. वीस जणाची टोळी माह्या आवाजावर चालते. पवनबद्दल लोकं आता काहीबाही सांगतात, तो पळून आला म्हणतात, त्याले हाकललं म्हणतात. म्हणून जे झालं ते मीच लिहून ठेवतो. माह्यापेक्षा जास्त कोणाले मालूम राहीन?

पवन माह्याहून अकरा वर्षानं लहान. लहानपणापासून भित्रा. कोंबड्याले भेये, डॉक्टरले भेये, मास्तरनं हजेरी घेतली तं "हाजिर" म्हणाले भेये. माय म्हणे, "जिजाबाईच्या पोटी ससा आला वो." मी त्याले खांद्यावर घेऊन फिरो. माह्या खांद्यावर बसला का मात्र त्याचं तोंड सुटे. रस्त्यानं जो दिसला त्याच्याबद्दल माह्या कानात असं काही सांगे, का हासता हासता माह्या हातून तो पडाचा राहे.

आमच्याइकडं दिवाळी झाली का गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा दंडार होते. गाणं, नाच, अन् मधात गंमत. पवन तेरा वर्षाचा होता तव्हा गंमत करणारा मुख्य गडी दारू पिऊन आला अन् सारं बोलणं इसरला. पवन पडद्यामागं बसला होता, बाजेवाल्याच्या पायापाशी. तो मागून एकेक बोल सांगत गेला अन् तो गडी तसाच म्हणत गेला. लोकं असे हासले का एका बुढ्याची दातकवळी मातीत पडली. लोकं दारुड्याच्या नावानं शिट्ट्या मारून राह्यले होते. अन् ज्याचे बोल होते त्याले दोन दिवस ताप आला. काहून, तं कोणाले समजन का मागून तोच बोलत होता.

"अबे, समजलं तं चांगलंच हाय ना," म्या म्हटलं.

"नाई भाऊ. समजलं तं पुढच्या डावाले हासले नाई तं?"

हे त्याचं भेव कधी गेलं नाई. बारावी झाली, बालाघाटच्या कॉलेजात बी.ए. झालं, बावीस वर्षाचा झाला अन् मुंबईले गेला. तीन वर्षं एका स्टुडिओत स्क्रिप्टाच्या झेरॉक्सा वाटल्या. एक दिवस झेरॉक्सच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यानं पेन्सिलनं काही लिहलं, ते एका नटानं वाचलं अन् हासला. तिथून त्याची गाडी सुरू झाली. चौतीस वर्षाचा झाला तव्हा तो देशात पाहतात अशा शोचा लेखक होता. शो हिंदीत हाय. पवन लिहते हिंदीत, पण त्याच्यातलं हासणं आपल्याइकडचं हाय, हे म्या पहिल्याच दिवशी ओळखलं.

त्याच्या कामाची रीत त्यानं मले सांगतली होती. एका लंब्या टेबलाशी सात लेखक बसतात. सकाळी अकराले प्रत्येकानं दहा हासाच्या गोष्टी वाचाच्या. बाकीचे हासले तं ठेवाची, नाई हासले तं तिथंच काट मारतात. पवन रोज वाचाच्या आंधी बाथरूममधी जाऊन उलटी करे. सात वर्षं. डोक्यावर मोठा लेखक बसला राहे, त्याले सारे "सर" म्हणत. सर हासत नसे. फक्त पेन हलवे.

अशा माणसाले रोज दहा गोष्टी कुठून येतीन? तं दर रविवारी सकाळी त्याचा फोन येये.

"भाऊ, मिलमधलं काही सांग ना."

अन् मी सांगो. मी चांगला सांगतो, हे सारं लालबर्रा कबूल करते. टीव्हीवर जे पाहून तुम्ही हासले ना, त्याच्यातलं निम्मं माह्या तोंडचं हाय. हे मी तव्हा चौकात ठोकून सांगो. आता इथं लिहतो तेवढंच.

आता कणकीचं सांगतो. मिलमधी धान भरडला का तुकडा तांदूळ खाली सांडते, त्याले कणकी म्हणतात. संध्याकाळी मिल झाडली का ती कणकी हमालानं शेल्याच्या कोपऱ्यात बांधून घरी न्याची. पावभर, लय झाली तं अर्धा किलो. आमच्या बापानं नेली. त्याच कणकीच्या पेजेवर पवन मोठा झाला. कोणी देत नव्हतं, कोणी मांगत नव्हतं. सहा वाजले का शेठ फोन कानाले लावून पाठ करून उभा राहे. फोन नव्हते तव्हा त्याचा बाप अगरबत्ती घेऊन भिंतीकडं तोंड करे. पाठ फिरली का हमाल गेटातून निंगत. पन्नास वर्षं असंच चाललं. याच्याबद्दल कोणी एक शब्द बोलला नव्हता. न बोलण्यावरच ते टिकलं होतं.

अन् एका रविवारी म्या पवनले सांगतलं. नुसतं सांगतलं नाई, फुगवून सांगतलं. आमचा नथ्थूकाका, साऱ्यात जुना हमाल, म्या म्हटलं का नथ्थूकाका धोतराच्या आत पोतडी शिवून पाच-पाच किलो नेते अन् नववा महिना लागलेल्या बाईसारखा डुलत गेटातून निंगते. पवन फोनवर इतका हासला का त्याले ठसका लागला. त्याले हासवलं का मले जग जिंकल्यासारखं वाटे.

"भाऊ, हे घेऊ?"

"घे ना बे! इचारते कायले?"

तो भाग लागाचा होता त्या शनिवारी म्या बसस्टँडवर फ्लेक्स लावला. पवनचा फोटो, माहा फोटो, खाली मोठ्या अक्षरात: आज रात्री नऊ वाजता, लालबर्र्याच्या मिलची गंमत. टोळीतल्या साऱ्या हमालाले घरी बोलावलं. नथ्थूकाकाले खुर्ची दिली, बाकीचे खाली.

टीव्हीवर हमाल आला. पोट पुढं, पाय फाकवून, डुलत डुलत. शेठ इचारते, "कौन सा महीना?" हमाल म्हणते, "सेठजी, पाँच किलो का है." सारे हासले. टोळीही हासली, नथ्थूकाकाही हासला. मंग टीव्हीतल्या हमालानं धोतर झटकलं अन् बदाबदा तांदूळ पडला, अन् टीव्हीतला शेठ कपाळावर हात मारून येड्यासारखा बसला. घरात हासणं एकेक करून बंद पडत गेलं. मोतीलाल नावाचा हमाल हाय, कमी बोलते. तो उठला, चप्पल घातली अन् निंगून गेला. पाणीही पेला नाई.

सोमवारी सहा वाजता शेठनं पाठ केली नाई.

गेटावर खुर्ची टाकून बसला होता. त्याच्या गोंदियाच्या साळ्यानं, रायपूरच्या व्याह्यानं, साऱ्यानं त्याले फोन करून चिडवलं होतं. म्हणे, "एक-एक शेला झटको." पहिलाच नथ्थूकाका होता. त्याच्या शेल्यातून अर्धा किलो कणकी निंगाली.

"चौतीस साल से पाँच-पाँच किलो!" शेठ म्हणे. "रपट लिखाऊंगा."

म्या पुढं जाऊन हात जोडले. म्हटलं, "शेठजी, पाच किलो खोटं हाय. म्या भावाले फेकलं होतं. मीच फेकू हाय, साऱ्याले मालूम हाय."

"तू फेंकता होगा," शेठ म्हणे. "टीव्हीवाले झूठ दिखाएंगे क्या?"

त्यानं अर्ज लिहला, नथ्थूकाकाचं नाव टाकलं अन् ठाण्यात द्याच्या आंधी ड्रॉवरमधी ठेवला. होळीपर्यंत इचार करीन म्हणे. होळीले पाच आठवडे होते. नथ्थूकाकाची पोरगी पौर्णिमा, तिचं लग्न ठरलेलं. बाप चोरीच्या केसमधी गेला तं सोयरे लग्न मोडतीन, हे सांगाची गरज नव्हती. खाली पडलेली कणकी नथ्थूकाकानं हातानं गोळा केली, शेठच्या पायापाशी ढीग लावला अन् गेला.

बोलला तो मोतीलाल. "त्या टीव्हीवाल्याले सांग प्रेमलाल, गावात पाय ठेवू नको म्हणा. पाय परत नाई जाणार."

मोतीलाल ओरडला असता तं मी भेलो नसतो. त्यानं हे बिडी पेटवता पेटवता सांगतलं. सत्तर किलोचं पोतं पाठीवर घेऊन फळीवर चढणारा मी, पण त्या दिवशी घरी पोहोचता पोहोचता रस्त्यात दोन डाव बसलो. घरी जाऊन फोन लावला.

"पवन, येऊ नको. काही झालं तरी येऊ नको." सारं सांगतलं.

मंग म्हणे, "पाच किलो खरं नव्हतं?"

"नाई बाबा."

"भाऊ," इतकंच म्हटलं अन् ठेवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो बालाघाटच्या बसमधून उतरला. म्या दुरून पाह्यलं. चहाच्या टपरीवर सारी टोळी बसली होती. मिलमधी त्या दिवशी माल नव्हता. मी पळत गेलो, त्याचा हात धरला.

"कायले आला बे? तुले म्हटलं होतं ना?"

"मले लय भेव लागून राह्यलं, भाऊ. तिथं बसून याच्याहून जास्त लागते."

मोतीलाल उठला. त्याच्यामागं दोघंतिघं उठले. मी पवनच्या पुढं झालो. मले पळून जावं वाटून राह्यलं होतं, हे आजवर कोणाले सांगतलं नाई, इथंच पहिल्यांदा लिहतो. तितक्यात नथ्थूकाका म्हणे, "थांबा बे."

तो बाकड्यावरून उठला. चौतीस वर्षं पाठीवर पोती, त्यानं कंबर कायमची वाकलेली. डावा पाय टेकत, उजवा ओढत, तो टपरीपासून रस्त्यापर्यंत गेला अन् परत आला. त्याले येळ लागला. रस्त्यावर मोटारसायकली थांबल्या.

"पाह्यलं? ही चाल हाय माही," तो पवनले म्हणे. "ती टीव्हीतली कोणाची होती?"

पवन खाली बसला अन् दोन्ही हात मातीत टेकवले. मोतीलाल थुंकला अन् परत बाकड्यावर जाऊन बसला. त्या दिवशी पवनचे पाय वाचले ते नथ्थूकाकानं वाचवले, म्या नाई.

मी त्याले घेऊन शेठकडं गेलो; टोळी मागं येऊन गेटाबाहेर उभी राह्यली. मले वाटलं शेठ धक्के मारन. शेठनं खुर्ची दिली! चहा, काजू. "आप ही लिखते हो? वाह! मेरे पोते को लो ना टीव्ही में." नातवाले बोलावून फोटो काढला. पवननं कप खाली ठेवला. त्यानं हात जोडून सांगतलं, शेठजी, ते खोटं होतं, अर्ज फाडा.

शेठचं तोंड पडलं. "मेरी हँसी हो गई पूरी बिरादरी में. टीव्ही पे बुद्धू बनाया, टीव्ही पे ही ठीक करो. शेठ को सब पता था, ऐसा दिखाओ. होली तक. फिर फाड़ दूंगा."

"दिखाऊंगा," पवन म्हणे.

बाहेर आलो तसा तो नालीवर वाकला अन् चहा-काजू सारा बाहेर.

"भाऊ, माह्या हाती काहीच नाई तिथं. सर ठरवते."

"तू हौ कायले म्हटलं मंग?"

"सारी टोळी बाहेर उभी होती."

त्या पाच शनिवाराचं काय सांगू! पहिल्या आठवड्यात त्यानं लिहलं का शेठले सारं मालूम हाय, तो मुद्दाम पाठ करते. टेबलावर वाचलं. कोणी हासलं नाई. सरनं काट मारली. म्हणे, "सेठ अच्छा निकला तो हँसें किसपे?" दुसऱ्या आठवड्यात फिरवून लिहलं. काट. तिसऱ्यात म्या फोनवर त्याले मसाला सांगाले लागलो, तं पहिल्यांदा माह्यावर ओरडला. "तू नको सांगू भाऊ! तू आता काहीच नको सांगू!" माह्या मायनं मले इचारलं का काय झालं. म्या म्हटलं नेटवर्क गेलं.

दर शनिवारी टोळी माह्या दारापुढं येऊन उभी राहे. घरात कोणी येत नसे. टीव्ही मी दाराकडं फिरवून ठेवो. शो सरे, नावं पळत, अन् सारे आपापल्या वाटेनं जात. फोटो काढाले हात उठत नव्हता. नथ्थूकाका येत नसे. पौर्णिमा येये, वट्ट्याच्या कोपऱ्याशी उभी राहे, अन् मी तिच्याकडं पाहत नसो.

पाचव्या हप्त्यात असं झालं का शूटिंगले जो मोठा पाहुणा येणार होता तो लवकर उठून गेला. दोन मिनिटं कमी पडले. सर फोनवर बाहेर होता. पवननं खिशातला कागद काढला अन् सरळ नटाच्या हाती दिला. सरले इचारलं नाई. असं त्या धंद्यात कोणी करत नाई. नटानं वाचलं, पवनच्या तोंडाकडं पाह्यलं अन् म्हणे, "चल, कर देता हूँ." होळीच्या आंधीच्या शनिवारी ते लागलं.

टीव्हीत शेठ भिंतीकडं तोंड करून उभा. बायको इचारते, "वहाँ क्या देखते हो रोज?" शेठ म्हणते, "कुछ नहीं देखता. इसी के लिए खड़ा हूँ." मागून वाकलेला हमाल मुठीएवढी गाठ घेऊन जाते. हळू जाते. नथ्थूकाकाचीच चाल, एक पाय टेकत, एक ओढत. दोन मिनिटं, बस. त्यांनी मागून हासण्याचा आवाज भरला होता. माह्या दारात कोणी हासलं नाई. मोतीलालनं बिडी इझवली.

सोमवारी शेठनं आमच्यासमोर अर्ज फाडला. छाती फुगवून म्हणे, "देखा? मैं तो पहले से जानता था." त्याले आता खरंच वाटते का त्याले सारं मालूम होतं. पाच किलोही त्यानं सोडून दिले, टीव्हीनं मूठभर दाखवली ना! पण सहाले तो पाठ करत नाई आता. मुनीम एकेकाच्या हाती कणकीची पिशवी देते अन् शेठ हासून पाहते. बाकीचे घेतात. नथ्थूकाका घेत नाई. बाजारातून इकत आणते.

पवनले पुढच्या सीझनले बोलावलं नाई. सरनं एका ओळीचा मेसेज टाकला. बॅग घेऊन तो घरी आला. आता मोबाईलवर गमतीचे व्हिडिओ टाकणाऱ्या कोणासाठी तरी लिहते, मायच्या खोलीत बसून. लिहाच्या आंधी अजूनही उलटी करते. माणसं म्हणतात हाकलला. म्हणू द्या. नोकरी जाईन हे मालूम असून ज्यानं एका हमालासाठी कागद पुढं केला, अन् तोही भेत भेत, तो माहा भाऊ हाय. न भेता करणारे लय पाह्यले म्या. भेऊन करणारा एकच पाह्यला.

वैशाखात पौर्णिमाचं लग्न झालं. बुद्धवंदना झाली, मंगलाष्टकं झाली, पंगती बसल्या. नथ्थूकाकानं पवनले हाक मारली अन् भाताचं टोपलं त्याच्या हाती दिलं. "वाढ." बाकी काही नाई.

पहिल्या पंगतीत सारी टोळी होती. पवन एकेकाले वाढत गेला. भात पत्रावळीच्या बाहेर पडत होता. मोतीलालपाशी आला तसा मोतीलालनं पत्रावळीवर पंजा ठेवला. आडवा. पवन थांबला. मागून लोकं ओरडून राह्यले, "भात! अरे भात!" तो हालला नाई. मी दुरून पाहून राह्यलो होतो. मोतीलालले सांगाले माह्या तोंडात दहा गोष्टी आल्या, एकाहून एक चांगल्या. म्या त्या गिळल्या.

मंग मोतीलाल वर न पाहता म्हणे, "कोरडा भात घालते का बे? आंधी वरण आन."

पवन टोपलं तिथंच ठेवून वरणाच्या बादलीकडं पळाला.